मेंदूज्वरातील दाहसूचक चाचण्या : नमुना घेण्यापासून आकडा वाचण्यापर्यंत

एप्रिल उजाडला की जळगाव-भुसावळचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारनंतर एखादे कुटुंब तापलेल्या मुलाला उचलून दवाखान्यात येते : ‘पोऱ्या बरळस, वळखस नही.’ ताप, बरळणे, झटके आणि गुंगी यांच्या मागे उष्माघात असू शकतो, सातपुड्याच्या पट्ट्यातला फाल्सिपेरम मलेरिया असू शकतो, मेंदूच्या आवरणाचा क्षय किंवा जिवाणूंचा संसर्ग असू शकतो, कापसावर फवारणी करून आलेल्या माणसाला झालेली विषबाधा असू शकते आणि विषाणूंमुळे झालेला मेंदूज्वरही असू शकतो. यांतला कोणता आजार समोर आहे हे ठरवताना रक्तातले आणि पाठीतल्या पाण्यातले (मेंदू व मेरुरज्जूभोवतीच्या द्रवातले) दाहसूचक घटक, म्हणजे शरीरात दाह असल्याची खूण दाखवणारे पदार्थ, फार उपयोगी पडतात. तालुक्याच्या रुग्णालयात नव्याने रुजू झालेले डॉक्टर, परिचारिका आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्यासाठी हा लेख आहे. हातात अहवाल घेऊन बसलेल्या नातेवाइकांनाही त्यातला बराच भाग समजेल.

दाहसूचक घटक विषाणूचे नाव सांगत नाही. विषाणूला शरीराने काय उत्तर दिले, एवढेच तो सांगतो. ते उत्तर तासागणिक बदलते, रक्तात एक आणि मेंदूभोवती दुसरे असू शकते, आणि नमुना उन्हात राहिला तर नळीतच बिघडते. म्हणून आकडा कसा वाचावा यापेक्षा तो आकडा कोणत्या वेळी, कोठून आणि कशा स्थितीत मिळाला याकडे मी या लेखात अधिक लक्ष देणार आहे.

पहिली पायरी : घड्याळ आणि पूर्वेतिहास

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार अचानक आलेला ताप आणि त्यासोबत शुद्धीत किंवा वागण्यात झालेला बदल, अथवा नव्याने आलेले झटके (लहान मुलांना तापात येणारे साधे झटके वगळून) असतील, तर तो तीव्र मेंदूज्वर समूहातला रुग्ण मानावा. असा रुग्ण आला की केसपेपरवर पहिल्यांदा दोन वेळा लिहाव्यात : ताप केव्हा सुरू झाला आणि शुद्ध केव्हा बिघडली. ‘परवापासून’ असे लिहू नये. ‘मंगळवारी संध्याकाळी’ असे लिहावे. सीआरपी (दाहात रक्तात वाढणारे एक प्रथिन) वाढायला सहा ते आठ तास लागतात आणि साधारण दीड-दोन दिवसांनी ते शिखर गाठते, तर विषाणूविरुद्धची आयजीएम (संसर्गानंतर आधी तयार होणारी) प्रतिपिंडे दिसायला काही दिवस जावे लागतात. घड्याळ माहीत नसेल तर ‘निगेटिव्ह’ हा शब्द खरोखर आजार नसल्याचे सांगतो आहे की चाचणी लवकर झाल्याचे, हे ठरवता येत नाही.

त्याखाली आणखी चार नोंदी हव्यात : गावातल्या डॉक्टरांनी आधी कोणती प्रतिजैविके किंवा स्टेरॉइड दिले, रुग्ण उन्हात किती वेळ होता, घरात सिकलसेलचा आजार आहे का, आणि मुलाचे पोषण कसे आहे. या नोंदी पुढे आकडे वाचताना लागतील. रक्तशर्करा आणि मलेरियाची झटपट चाचणी मात्र त्याच क्षणी, खाटेजवळच करावी.

दुसरी पायरी : उपचार चाचण्यांसाठी थांबवू नयेत

ही पायरी छोटी आहे, पण जीव तिच्यावरच अवलंबून असतो. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या मेंदूज्वराची शंका असेल तर अहवालाची वाट न पाहता असायक्लोविर शिरेतून सुरू करावे. प्रौढांमध्ये वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, आणि निदान पक्के झाल्यास १४ ते २१ दिवस असा त्याचा क्रम आहे. मुलांचे प्रमाण वयानुसार बालरोगतज्ज्ञ ठरवतील. हे औषध मूत्रपिंडात स्फटिकरूपाने साचू शकते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात रुग्ण आधीच पाण्याने कोरडा पडून आलेला असतो, म्हणून सलाइन सुरू करून मगच ते सावकाश, तासाभरात द्यावे. जिवाणूंचा संसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत प्रतिजैविकही द्यावे. त्याआधी रक्ताचे कल्चर (जिवाणू वाढवून ओळखण्याची चाचणी) काढून ठेवावे. औषध सुरू झाल्यावर काही तासांत पाठीतले पाणी काढले तरी पेशी आणि प्रथिने जागेवर असतात आणि हर्पिसची पीसीआरही (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) सहसा पहिले काही दिवस सकारात्मकच राहते. तेव्हा ‘आधी पाणी, मग औषध’ हा हट्ट धरण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी : रक्तातले सूचक

संपूर्ण रक्तगणना, सीआरपी, रक्तशर्करा, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, सोडियम आणि प्लेटलेट हा किमान संच आहे. शक्य असेल तेथे प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूसंसर्गात विशेष वाढणारा रक्तातला घटक) जोडावे.

सीआरपी यकृतात तयार होते आणि ते तयार करण्याची आज्ञा मुख्यतः इंटरल्युकिन-६ हा संदेशवाहक देतो. विषाणूंच्या मेंदूज्वरात ते बहुधा थोडेच वाढते, जिवाणूंच्या आवरणदाहात (मेंदूच्या आवरणाच्या दाहात) बरेच वाढते. प्रोकॅल्सिटोनिनचा फरक याहून ठळक असतो, कारण विषाणूसंसर्गात शरीर जो इंटरफेरॉन-गॅमा स्रवते तो प्रोकॅल्सिटोनिनच्या निर्मितीला आवर घालतो. ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खालचा आकडा जिवाणूंच्या आवरणदाहाची शक्यता कमी करतो, पण क्षयाला तो बाद करत नाही. क्षयाच्या आवरणदाहात सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन दोन्ही बेताचीच राहू शकतात. खानदेशात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

अहवाल हातात येताच आधी एकक पाहावे. काही प्रयोगशाळा सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, आणि दोहोंत दहापट अंतर आहे. तालुक्याचा अहवाल ‘८’ आणि जिल्ह्याचा ‘४०’ असेल, तर आजार पाचपट वाढला असे समजण्यापूर्वी एकके जुळवावीत. पहिला अहवाल डेसिलिटरमधला असेल, तर प्रत्यक्षात ८० वरून ४० वर उतार पडलेला असतो.

आता आपल्या भागाच्या तीन अडचणी पाहू. पाठ्यपुस्तकांत त्या एकत्र सापडत नाहीत, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

पहिली अडचण उष्माघाताची. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले की आतड्याचे आवरण गळके होते, इंटरल्युकिन-६ वाढते आणि कोणताही संसर्ग नसताना प्रोकॅल्सिटोनिनही चढू शकते. त्यामुळे दुपारी शेतात कोसळलेल्या माणसाचे प्रोकॅल्सिटोनिन वाढलेले दिसले म्हणून जिवाणूंचा शिक्का मारू नये आणि विषाणूची शक्यताही पुसू नये. गुदमार्गाने घेतलेले तापमान, स्नायूंतले सीपीके (स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात उतरणारे विकर) आणि यकृताची विकरे एकत्र पाहावीत. उष्माघातात पाठीतल्या पाण्यातल्या पेशी सहसा वाढत नाहीत, आणि शेवटी निवाडा तेथेच होतो.

दुसरी अडचण सिकलसेलची. नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजांत, हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींवर रचल्या जात नाहीत, म्हणून त्या लवकर खाली बसत नाहीत आणि ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, दाहात तो वाढतो) खोटा कमी येतो. अशा रुग्णात ‘ईएसआर ५ आहे, म्हणजे दाह नाही’ हे अनुमान चुकीचे ठरते. ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते त्यांच्यात फेरिटिन (लोह साठवणारे आणि दाहातही वाढणारे प्रथिन) कायमच वाढलेले असते, त्यामुळे तोही आकडा आधीच्या अहवालाशी ताडून पाहावा. शिवाय सिकलसेल असलेल्या मुलाची शुद्ध हरपली तर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा अडथळा हे कारण नेहमी मनात ठेवावे.

तिसरी अडचण कुपोषणाची. तीव्र कुपोषित मुलाचे यकृत सीआरपी पुरेशा जोमाने बनवू शकत नाही. दाह मोठा असूनही आकडा लहान राहू शकतो. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या अशा मुलात कमी सीआरपीवर विसंबू नये. स्टेरॉइड घेतलेल्या आणि यकृताचा जुना आजार असलेल्या रुग्णांनाही हाच इशारा लागू आहे.

फेरिटिनचा वेगळा उपयोग डेंग्यूमध्ये होतो. ताप, उतरणारे प्लेटलेट आणि बिघडलेली शुद्ध यांसोबत लहान मुलात फेरिटिन १०,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेले, तर शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागल्याची शंका घ्यावी आणि रुग्णाला मोठ्या केंद्राकडे हलवावे.

चौथी पायरी : पाठीतले पाणी काढणे

तंत्राआधी संवाद येतो. पाठीतून पाणी काढले की माणूस लुळा पडतो ही भीती खेड्यापाड्यांत खोलवर आहे आणि केवळ सही मागितली तर नातेवाईक रुग्णाला घेऊन निघून जातात. मी सहसा घरातल्या ज्येष्ठाला बाजूला बसवून सांगतो, ‘आबा, मेंदूतून पाठीत येणारी दोरी कमरेच्या वरच संपते. आम्ही सुई तिच्या खाली घालतो. तेथे फक्त पाणी आणि सुटे तंतू असतात.’ प्रौढात मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधे जाते, हेच त्या वाक्यात आहे. शरीरात हे पाणी एकूण सुमारे १५० मिलिलिटर असते आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होते. म्हणजे काढलेले आठ-दहा मिलिलिटर तासाभरातच बऱ्याच अंशी भरून निघतात. हे आकडे सांगितले की बहुतेक माणसे तयार होतात. त्यांना कारण हवे असते.

डोळ्यांच्या पडद्यामागे सूज, शरीराच्या एका बाजूची कमजोरी, खोल बेशुद्धी किंवा थांबत नसलेले झटके असतील तर आधी सीटी स्कॅन करावा. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर थांबावे. डेंग्यूच्या हंगामात ही अट पुन्हा पुन्हा आडवी येते.

रक्तशर्करेचा नमुना पाणी काढण्याच्या थोडा आधी घ्यावा, नंतर नव्हे. सुई टोचल्याच्या ताणाने साखर वाढते आणि पाण्यातली साखर व रक्तशर्करा यांचे गुणोत्तर चुकते. प्रौढात चार नळ्या भरता येतात : पहिली प्रथिने, साखर आणि लॅक्टेटसाठी (साखर ऑक्सिजनविना वापरली गेली की साठणारा पदार्थ), दुसरी जिवाणू व क्षयाच्या तपासणीसाठी, तिसरी पेशी मोजण्यासाठी, आणि चौथी पीसीआर, प्रतिपिंडे व राखीव साठ्यासाठी. पेशींची नळी शेवटाकडची ठेवायची, कारण सुईमुळे आलेले रक्त तोवर कमी झालेले असते. चौथी नळी शक्यतो पॉलिप्रॉपिलीनची असावी. काचेला आणि साध्या प्लास्टिकला काही प्रथिने चिकटतात आणि आकडा कमी येतो.

पाचवी पायरी : नळी वाचवणे

आपल्या भागात सर्वांत जास्त माहिती याच टप्प्यावर हरवते. पाठीतल्या पाण्यात पेशींना पोसणारी प्रथिने फारशी नसतात, म्हणून बाहेर काढताच त्या फुटू लागतात. साध्या खोलीच्या तापमानातही तासाभरात न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशींपैकी सुमारे एक तृतीयांश आणि दोन तासांत जवळपास निम्म्या नाहीशा होतात. मग ४४ अंशांत रुग्णवाहिकेच्या पुढच्या काचेखाली ठेवलेल्या नळीचे काय होत असेल?

एका उन्हाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेल्या मुलाचा नमुना बाहेर पाठवला गेला आणि तीन तासांनी त्यात सहा पेशी असल्याचा अहवाल आला. आम्ही औषध बंद केले नाही, हे त्या मुलाचे सुदैव. दुसऱ्या सकाळी पुन्हा पाणी काढून खाटेशेजारच्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, तेव्हा ऐंशीच्या वर पेशी होत्या आणि त्या मुख्यतः लिम्फोसाइट (विषाणूसंसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) होत्या. पहिल्या दिवशी पेशी खरोखर कमी होत्या की वाटेत विरल्या, हे तेव्हा कोणीच सांगू शकत नव्हते. पहिला नमुना आम्ही वाया घालवला होता.

म्हणून पेशींची मोजणी जागेवरच, तासाभराच्या आत करावी. त्यासाठी न्यूबाउअर चेंबर (पेशी मोजायची रेघांची काच), साधा सूक्ष्मदर्शक आणि एक तयार हात पुरतो. साखर आणि लॅक्टेटची नळी फ्लोराइडची असावी, नाही तर पेशी साखर खात राहतात आणि लॅक्टेट वाढत राहते. कल्चरची नळी फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण काही नाजूक जिवाणू गारठ्याने मरतात. पीसीआरची नळी मात्र लगेच २ ते ८ अंशांत ठेवावी आणि पोहोचायला दिवसांचा उशीर होणार असेल तर उणे ७० अंशांत गोठवावी.

इंटरल्युकिनसारख्या संदेशवाहकांची चाचणी पाठवायची असेल तर आणखी काळजी लागते. नमुना लवकर सेंट्रिफ्यूज करून पेशी वेगळ्या कराव्यात, वरचे पाणी किंवा सीरम लहान भागांत वाटून गोठवावे आणि एकच नळी वारंवार वितळवू-गोठवू नये. न वेगळ्या केलेल्या रक्तातल्या पेशी नळीतही हे घटक सोडत राहतात. निओप्टेरिन प्रकाशाने विघटते, म्हणून त्या नळीला चांदीचा कागद गुंडाळावा. वाहतुकीला लसीकरणाचा बर्फाचा डबा चालतो.

सहावी पायरी : पाण्याचे आकडे वाचणे

प्रौढात दर घन मिलिमीटरमध्ये पाचपर्यंत पांढऱ्या पेशी सामान्य मानतात. नवजात बाळात याहून अधिक पेशीही सामान्य असू शकतात. प्रथिने सुमारे १५ ते ४५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि साखर रक्तशर्करेच्या सुमारे दोन तृतीयांश असते. विषाणूंच्या आजारात पेशी दहा-वीसपासून काहीशेपर्यंत, बहुतेक लिम्फोसाइट, प्रथिने थोडी वाढलेली आणि साखर ठीक असे चित्र दिसते. साखरेचे गुणोत्तर ०.४ च्या खाली गेले तर जिवाणू किंवा क्षय पुढे येतो. लॅक्टेट ३.५ मिलिमोल प्रति लिटरच्या वर असेल तर जिवाणूंची शक्यता वाढते, मात्र नुकतेच मोठे झटके येऊन गेले असतील तरी लॅक्टेट वाढते. एडीए (क्षयात वाढणारे विकर) १० युनिटांच्या वर असेल तर क्षयाचा कसून शोध घ्यावा.

सुईमुळे रक्त मिसळले असेल तर दर ५०० ते १,००० तांबड्या पेशींमागे एक पांढरी पेशी आणि दर १,००० तांबड्या पेशींमागे प्रथिनांचा एक मिलिग्रॅम वजा करावा. हर्पिसच्या मेंदूज्वरात मेंदूचा भाग रक्ताळतो, त्यामुळे तांबड्या पेशी आजाराच्याही असू शकतात. पहिल्या आणि शेवटच्या नळीतला फरक पाहावा.

या चित्राला अपवाद पुष्कळ आहेत. पहिल्या एक-दोन दिवसांत विषाणूंच्या आवरणदाहातही न्यूट्रोफिल जास्त दिसू शकतात. गालगुंडाच्या विषाणूत साखर कमी होऊ शकते. हर्पिसच्या काही रुग्णांत आरंभी पेशी अगदी सामान्य असतात. चांदीपुरा विषाणूच्या मुलांत तर पाण्यात फारसे काही न सापडता मूल एक-दोन दिवसांत हातचे जाते. हा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा येथे प्रथम सापडला, वाळूमाशी तो पसरवते, आणि जून ते १५ ऑगस्ट २०२४ या काळात देशात नोंदलेल्या तीव्र मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांपैकी ६४ जणांत तो सिद्ध झाला. त्या २४५ पैकी ८२ दगावले. उद्रेकाचा मोठा भार शेजारच्या गुजरातवर होता आणि नंदुरबारची हद्द त्या राज्याला लागून आहे. पाणी स्वच्छ आहे म्हणून अशा मुलाला घरी पाठवणे धोक्याचे आहे.

सातवी पायरी : विशेष सूचक, आणि ते कधी मागवू नयेत

मेंदूत दाह आहे का हे रक्तातल्या इंटरल्युकिन-६ वरून कळत नाही; न्यूमोनियानेही ते वाढते. मेंदूचा दाह मोजायचा तर पाठीतल्या पाण्यातले घटक मोजावे लागतात. सीएक्ससीएल-१० हा लिम्फोसाइट पेशींना बोलावणारा घटक विषाणूंच्या दाहात पाण्यात वाढतो. इंटरफेरॉन-गॅमाच्या सांगण्यावरून भक्षक पेशी निओप्टेरिन सोडतात, आणि एचआयव्हीमुळे मेंदूवर होणाऱ्या परिणामांच्या अभ्यासात त्याचा दीर्घकाळ उपयोग झाला आहे. सीएक्ससीएल-१३ बी पेशींना खेचतो आणि मज्जासंस्थेच्या सिफिलिसमध्ये विशेष वाढतो. न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन दाहाचे नसून तंतूंच्या नुकसानीचे आहे, आणि हा भेद अहवाल समजावताना स्पष्ट करावा.

ज्या कुटुंबाने केळीच्या मजुरीतून पैसे जोडले आहेत, त्याच्याकडून पहिल्या रात्री महागड्या संदेशवाहक-पॅनेलचे पैसे घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या अहवालाने असायक्लोविर द्यायचे की नाही हे बदलत नाही. तेच पैसे एमआरआय आणि पीसीआरला लावावेत. आजार आठवडे रेंगाळला, तर मात्र दोन स्वस्त गणिते उपयोगी पडतात. पाण्यातले आणि सीरममधले अल्ब्युमिन यांच्या गुणोत्तरावरून रक्त आणि मेंदू यांच्यामधला बांध किती गळतो ते कळते. आयजीजी निर्देशांक (पाण्यातल्या व रक्तातल्या आयजीजी प्रतिपिंडांची अल्ब्युमिनच्या प्रमाणात केलेली तुलना) ०.७ च्या वर असेल तर प्रतिपिंडे मज्जासंस्थेच्या आतच तयार होत आहेत असे मानावे. त्यासाठी रक्त आणि पाणी एकाच दिवशी घेतलेले हवे.

आठवी पायरी : विषाणूचे नाव

पहिल्या दिवसांत पीसीआर, नंतर आयजीएम. जपानी मेंदूज्वरासाठी पाण्यातले आयजीएम पाहतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ पासून हे काम करते आहे आणि नमुने तिच्याकडे जिल्हा यंत्रणेमार्फत जातात. नागीण-कांजण्यांच्या विषाणूने मेंदूच्या रक्तवाहिन्या सुजल्या असतील तर पीसीआरपेक्षा पाण्यातली आयजीजी प्रतिपिंडे अधिक वेळा सापडतात. गोवर होऊन गेल्यावर काही वर्षांनी अभ्यासात मागे पडणाऱ्या, अंग दचकावणाऱ्या मुलात पेशी सामान्य असल्या तरी गोवराची प्रतिपिंडे पाण्यात तपासावीत.

हर्पिसची पीसीआर पहिल्या तीन दिवसांत खोटी निगेटिव्ह येऊ शकते. लक्षणे आणि एमआरआय जुळत असतील तर तीन ते सात दिवसांनी पुन्हा पाणी काढावे आणि तोवर औषध चालू ठेवावे.

नववी पायरी : परत मोजणे

सीआरपीचे अर्धे आयुष्य सुमारे १९ तासांचे आहे. दाह विझत असेल तर ते रोज ठळकपणे उतरायला हवे. उतरून पुन्हा चढले तर सलाइनची जागा, लघवीची नळी आणि फुप्फुसे तपासावीत, कारण तो बहुधा रुग्णालयातला नवा संसर्ग असतो.

हर्पिसमधून बरे झालेल्यांपैकी साधारण चौघांत एकाला पुढच्या आठवड्यांत दुसरा आजार गाठतो, ज्यात शरीर स्वतःच मेंदूतल्या ग्राहकांविरुद्ध (पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या रेणूंविरुद्ध), मुख्यतः एनएमडीए ग्राहकाविरुद्ध, प्रतिपिंडे बनवते. मूल पुन्हा बरळू लागते, हातापायांच्या विचित्र हालचाली करते, झोपत नाही, आणि घरच्यांना वाटते की बाहेरची बाधा झाली. तेव्हा पाण्यात पीसीआर आणि ही प्रतिपिंडे दोन्ही तपासावीत. पीसीआर निगेटिव्ह आणि प्रतिपिंडे सापडली तर उपचार असायक्लोविरचा नसून स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिनचा असतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे : पुढच्या दोन महिन्यांत वागणे बदलले, झटके आले किंवा झोप उडाली तर त्याच दिवशी हे कार्ड आणि पहिल्या पाण्याचा अहवाल घेऊन परत यावे.